तारण रोख्यांचे, तोटा रोखीचा

भोपाळमध्ये भेलमधून निवृत्त झालेल्या माणसाच्या कपाटात सरकारी कागद बरेच असतात. पिपलानी-बरखेड्यातून अरेरा कॉलनीत किंवा कोलार रोडला राहायला गेले तरी ते कागद बरोबर जातात. हल्ली त्याच घरात कोणीतरी, बहुधा मुलगा किंवा जावई, निफ्टीच्या फ्युचरमध्ये उलाढाल करत असतो. या दोन गोष्टींची गाठ घालून देणारा सल्ला एम. पी. नगरातल्या ब्रोकरच्या ऑफिसात हमखास ऐकायला मिळतो : रोखे नुसते पडून आहेत, ते तारण ठेवा, व्याज चालू राहील आणि वर ट्रेडिंगही होईल. सल्ला खोटा नाही, अपुरा आहे. जो भाग सांगायचा राहतो, त्यासाठी हा लेख.

आधी कागद तपासा, कारण बरेच बेत इथेच संपतात. लोक ज्यांना सरसकट ‘आरबीआयचे बाँड’ म्हणतात, ते बहुतेक वेळा २०२० चे फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड असतात. मुदत सात वर्षे, व्याज राष्ट्रीय बचतपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त आणि दर सहामाहीला बदलणारे. ठेव म्हणून उत्तम. पण ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, बाजारात विकता येत नाहीत आणि कर्जाला तारण म्हणूनही देता येत नाहीत. ब्रोकरकडे त्यांचा काडीचा उपयोग नाही. पोस्टातली बचतपत्रे, किसान विकास पत्रे, ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांचेही तेच. घर विकून भांडवली नफ्याचा कर वाचवायला घेतलेले पाच वर्षांचे बाँडही यात बसत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा आरईसी यांचे करमुक्त बाँड डीमॅटमध्ये असतात, बाजारात विकलेही जातात. पण ते केंद्र सरकारचे रोखे नव्हेत, आणि मार्जिनच्या हिशेबात हा फरक महत्त्वाचा ठरतो. सुवर्ण रोखे सरकारनेच काढलेले, तरी तुमचा ब्रोकर ते कशात मोजतो हे त्याच्या यादीत बघून घ्यावे.

चालतात ते केंद्र सरकारचे मुदतबंद रोखे, म्हणजे जी-सेक, आणि ट्रेझरी बिले. बिले ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. अट एवढीच की हे रोखे आणि बिले तुमच्या डीमॅट खात्यात हवीत. १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेतून अनेकांनी रोखे घेतले आहेत. सोय चांगली, दलाली नाही. मात्र तिथले रोखे रिझर्व्ह बँकेकडच्या वेगळ्या गिल्ट खात्यात राहतात, एनएसडीएल-सीडीएसएलच्या डीमॅटमध्ये नाही. तारण ठेवायचा विचार असेल तर रोखे पहिल्यापासून ब्रोकरमार्फत किंवा एक्स्चेंजच्या बोली-सुविधेतून डीमॅटमध्येच घ्यावेत. ट्रेझरी बिलांचा लिलाव साधारणपणे बुधवारी आणि मुदतबंद रोख्यांचा शुक्रवारी असतो. किमान रक्कम १०,००० रुपये. छोट्या गुंतवणूकदाराला भाव सांगायची गरज नसते, लिलावात ठरलेला सरासरी भाव त्याला मिळतो.

मध्य प्रदेश सरकारही रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावात कर्जरोखे काढते आणि त्यांवरचे व्याज केंद्राच्या रोख्यांपेक्षा थोडे जास्त असते. आपल्याच राज्याला कर्ज दिल्याचे समाधानही मिळते. पण बाजारात त्यांची उलाढाल तुरळक, आणि ब्रोकरच्या मान्य यादीत ते असतीलच असे नाही. घरात ठेवायला घ्या, तारण ठेवायला नको.

आता हे कोणी करावेच का, हा प्रश्न. फ्युचरचा व्यवहार करायला मार्जिन लागते. ते रोख भरता येते किंवा तारणाच्या रूपात देता येते. तारणात दोन जाती आहेत. एकीत रोख, बँकेची मुदतठेव, सरकारी रोखे, ट्रेझरी बिले, लिक्विड आणि ओव्हरनाइट फंडाची युनिटे. यांना रोखीसमान मानतात. दुसऱ्या जातीत शेअर आणि शेअरचे फंड. रात्रभर ठेवायच्या पोझिशनसाठी मार्जिनचा किमान अर्धा हिस्सा पहिल्या जातीतला असावा असा नियम आहे. नुसते शेअर तारण ठेवणाऱ्याला म्हणूनच अर्धी रक्कम वेगळी उभी करावी लागते, नाहीतर ब्रोकर कमी पडलेल्या भागावर व्याज लावतो. सरकारी रोखे असले की हा अर्ध्याचा प्रश्न उरत नाही.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. शेअर तारण ठेवून निफ्टीचे फ्युचर घेतले की बाजार पडल्यावर तीन बाजूंनी मार बसतो : पोझिशन तोट्यात जाते, तारणाची किंमत उतरते आणि अस्थिरता वाढल्यामुळे एक्स्चेंज मार्जिनही वाढवते. हे तिन्ही एकाच सकाळी होते. ट्रेझरी बिलाला निफ्टीचे काही देणेघेणे नाही. शेअर बाजार कोसळला म्हणून त्याची किंमत कोसळत नाही.

तारणाची सगळी किंमत मात्र मोजली जात नाही. त्यातून कपात होते, बाजारात तिला हेअरकटच म्हणतात. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या पातळीवर ट्रेझरी बिलांना आणि तीन वर्षांच्या आतल्या, चांगली उलाढाल असलेल्या रोख्यांना ही कपात साधारण २ टक्के, लांब मुदतीच्या रोख्यांना ५ आणि कमी उलाढालीच्या रोख्यांना १० टक्के असते. ब्रोकर आपल्या सावधगिरीने याहून जास्त कापू शकतो आणि बरेच जण सरसकट १० टक्के कापतात.

समजा तुम्ही दर्शनी १० लाखांचे ३६४ दिवसांचे बिल ९४.८० च्या भावाने घेतले. खिशातून गेले ९,४८,००० रुपये. वर्षाअखेर १० लाख मिळणार, म्हणजे मिळकत ५२,००० रुपये. ब्रोकरने १० टक्के कापले तर मार्जिन मिळाले ८,५३,२०० रुपयांचे. निफ्टी फ्युचरच्या एका कराराचे, म्हणजे एका लॉटचे, मूल्य १८ लाख धरू आणि मार्जिन १३ टक्के, म्हणजे २,३४,००० रुपये. स्क्रीनवर तीन लॉट घेता येतील असे दिसेल आणि वर दीड लाख शिल्लकही दिसेल. तीन लॉट म्हणजे ५४ लाखांचा सौदा. निफ्टी एक टक्का खाली आला की तोटा ५४,००० रुपये. बिलाची वर्षभराची सगळी कमाई एका साध्या, बातमीतही न येणाऱ्या घसरणीत गेली.

आणि हा तोटा बिलातून वळता होत नाही. फ्युचरचा हिशेब रोज संध्याकाळी होतो आणि दुसऱ्या दिवशी तो रोखीत चुकवावा लागतो. तारण ही फक्त तुमच्या ऐपतीची हमी असते. रोजचे देणे देण्यासाठी खात्यात पैसेच लागतात. रोखीसमान हा शब्द ऐकून लोक इथे फसतात. रोखे अर्ध्याच्या नियमापुरते रोखीसमान असतात, रोजच्या तोट्यासाठी नसतात. खात्यात रोख नसेल तर खाते उणे होते, उणे रकमेवर ब्रोकर व्याज लावतो (ते वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते) आणि तुम्ही वेळेत पैसे भरले नाहीत तर तो पोझिशन बंद करतो. त्यानेही भागले नाही तर तारण विकतो. तेव्हा पुन्हा ओटीपी विचारला जात नाही. तारण ठेवतानाच तुम्ही तो हक्क दिलेला असतो. डीमॅटमधल्या छोट्या रकमेच्या रोख्यांना एक्स्चेंजवर गिऱ्हाईक कमी, त्यामुळे घाईत विकलेल्या रोख्याला भावही पडेल तो मिळतो.

४ जून २०२४ आठवा. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी २३,२६३.९० वरून २१,८८४.५० वर आला, एका दिवसात १,३७९ अंकांनी. तेव्हा लॉट २५ चा होता, म्हणजे एका लॉटमागे सुमारे साडेचौतीस हजारांचा फटका. पुढे बाजार नियंत्रक सेबीने कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या करारांचा लॉट ७५ चा झाला. त्या लॉटवर तेवढीच घसरण एक लाख तीन हजारांहून जास्त भरते. वरच्या उदाहरणातल्या तीन लॉटवाल्याला जवळपास सहा टक्क्यांचा तो दिवस सव्वातीन लाखांच्या आसपास पडला असता, आणि तेही दुसऱ्या दिवशी सकाळी रोख.

म्हणून माझा हिशेब उलट दिशेने चालतो. तारणातून किती लॉट मिळतात हे पाहू नका. बचत खात्यात, घरखर्चाला आणि दवाखान्याला हात न लावता, बाजूला काढलेली रोख किती आहे ते बघा. निफ्टी एका दिवसात सहा टक्के हलला तर त्या रोखीत किती लॉट निभावतील? तेवढेच लॉट तुमचे. वरच्या माणसाकडे तारणाखेरीज लाखभर रुपये रोख असतील तर त्याचा एकही लॉट पुरता निभावत नाही, कारण १८ लाखांचे सहा टक्के म्हणजे १,०८,००० रुपये. तारण तीन लॉट देते, रोख एकही देत नाही. अशा वेळी रोखीचे ऐकावे. मार्जिन कमी पडले तर दंडही आहे : तूट एक लाखाहून आणि लागणाऱ्या मार्जिनच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तुटीच्या अर्धा टक्का, त्याहून मोठी असेल तर एक टक्का, आणि सलग तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तर पाच टक्के.

ऑप्शन विकत घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ऑप्शनचा प्रीमियम रोखीत द्यावा लागतो, तारणाच्या मार्जिनातून नाही. तारण उपयोगी पडते ते फ्युचरला आणि ऑप्शन विकणाऱ्याला. ऑप्शन विकण्याचा मोह तर आणखी मोठा, कारण प्रीमियम आधी हातात येतो. निवृत्त माणसाच्या पैशांवर तो खेळ मला पटत नाही, मग तारण कितीही पक्के असो.

ज्याच्याकडे शेअरचा मोठा साठा आहे आणि काही काळ तो विकायचा नाही, पण बाजार उतरेल अशी भीती आहे, त्याने निफ्टी फ्युचर विकून आपला साठा सांभाळावा आणि त्यासाठी ट्रेझरी बिल तारण ठेवावे. या सोयीचा हा उपयोग मला खरोखर रास्त वाटतो. तरीही रोख लागतेच, कारण बाजार वर गेला की फ्युचरचा तोटा आज द्यावा लागतो आणि शेअरमधला नफा कागदावरच राहतो. करोंद मंडीत सोयाबीन-गव्हाचा व्यवहार करणाऱ्यांना अशीच सोय वस्तूंच्या वायद्यात असायला हवी होती. पण डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, गहू, हरभरा, मोहरी धरून सात वस्तूंचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वाढत गेली. ज्यांना जोखीम झाकायची गरज होती त्यांचे दार बंद झाले आणि निफ्टीचे सताड उघडे राहिले, हे मला कधी उमगलेले नाही.

तारण ठेवण्याची रीत आता बरीच सुरक्षित आहे. तिच्यामागे एक मोठा घोटाळा आहे. हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर आपल्या खात्यात ओढून बँकांकडे गहाण टाकले. सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ ला अंतरिम आदेश काढला, तेव्हा सुमारे ९५ हजार ग्राहकांचे दोन हजार कोटींहून अधिक किमतीचे शेअर यात अडकल्याचे पुढे आले. डिसेंबरच्या सुरुवातीला सुमारे ८३ हजार ग्राहकांच्या खात्यांत शेअर परत जमा झाले. त्यानंतर १ सप्टेंबर २०२० पासून पद्धत बदलली. आता रोखे तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात, त्यांवर फक्त ब्रोकरच्या आणि पुढे क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या नावे तारणाची नोंद चढते. ब्रोकर विनंती टाकतो, सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून तुमच्या मोबाइलवर आणि ई-मेलवर दुवा येतो, तुम्ही ओटीपी देऊन मान्यता देता. व्याज नेहमीप्रमाणे तुमच्या बँक खात्यात येत राहते.

कोणी म्हणाले की सोयीसाठी रोखे आमच्या खात्यात वळते करा, तर तिथून उठावे. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये, घरी येऊन मदत करणाऱ्या ओळखीच्या पोरालाही नाही. ब्रोकरने तुमचे तारण खरोखर तुमच्याच नावे दाखवले आहे का, हे बघायला क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ग्राहकांसाठी ऑनलाइन सोय ठेवलेली आहे. मे २०२२ पासून तारणाचा हिशेब ग्राहकवार होतो. महिन्यातून एकदा तो आणि डीमॅटचा उतारा शेजारी ठेवून बघावा. इंदूर आपल्याला जवळ आहे आणि सेबीच्या आदेशांत तिथल्या सल्लागार कंपन्यांची नावे वारंवार येत आली आहेत, म्हणून आणखी एक : दरमहा ठरावीक परतावा मिळवून देतो असे सांगत तुमच्या रोख्यांवर ट्रेडिंग करायची तयारी दाखवणारा माणूस कितीही सुसंस्कृत मराठी बोलत असला तरी लॉगिन त्याच्या हातात देऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर सेबीचे ‘स्कोअर्स’ पोर्टल आहे आणि स्थानिक कार्यालय इंदूरलाच आहे.

कोणत्या मुदतीचे रोखे ठेवावेत? माझे उत्तर ट्रेझरी बिल किंवा दोन-तीन वर्षांत संपणारा रोखा. लांब मुदतीच्या रोख्याचे व्याज थोडे जास्त दिसते, पण व्याजदर वाढले की त्याची किंमत उतरते. दहा वर्षांच्या रोख्यावर एक टक्का दरवाढीचा परिणाम साधारण सात टक्क्यांच्या घसरणीइतका होतो आणि तीस-चाळीस वर्षांच्या रोख्यावर त्याहून बराच जास्त. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा लांब रोखेवाल्यांना हे कळले. २०२५ मध्ये दर ५.२५ पर्यंत उतरले तेव्हा त्यांचाच फायदा झाला, हेही खरे. पण तारणाचे काम किंमत टिकवणे आहे. दरांवर अंदाज बांधायचाच असेल तर तो वेगळ्या पैशांनी बांधावा. ज्याला लिलावाचे वार सांभाळायचे नाहीत त्याने सरळ लिक्विड फंड तारण ठेवावा. परतावा बिलाच्या जवळपासच, आणि मुदत संपण्याची चिंता नाही.

ती चिंता बिलांना आहे. मुदत संपण्याच्या काही दिवस आधीच त्या बिलाचे मूल्य मार्जिनमधून काढले जाते. त्या वेळी पोझिशन चालू असेल तर मार्जिन अचानक तोकडे पडते. नवे बिल आधी घ्यावे, तारणात टाकावे आणि मग जुने सोडवावे.

आता तीन वेगळ्या गोष्टी थोडक्यात. पहिली, भोपाळमध्ये विशेष लागू : वल्लभ भवन, सातपुडा भवन किंवा कुठल्याही सरकारी खात्यात सेवेत असाल तर आचरण नियमांत सट्ट्याला मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री हाही सट्टाच धरला जातो. केंद्राचे १९६४ चे नियम आणि मध्य प्रदेशचे १९६५ चे, दोन्हींत हे आहे. सार्वजनिक उपक्रमांचेही स्वतःचे नियम असतात. निवृत्तीनंतर हे बंधन राहत नाही. दुसरी, कर : फ्युचर-ऑप्शनचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात जातो आणि त्यासाठी आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा त्याच वर्षी बँक किंवा रोख्यांच्या व्याजातून वजा होतो, पगारातून होत नाही. आणि पेन्शन पगारातच मोडते. निवृत्त माणसाला हा मुद्दा बहुधा तोटा झाल्यावर कळतो. विवरणपत्र मुदतीत भरले तर उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो.

तिसरी गोष्ट सेबीच्या आकड्यांची. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. २०२४-२५ मध्ये तोट्यातले ९१ टक्के, आणि एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींहून जास्त. यातल्या किती जणांचे तारण पक्के होते याने या आकड्यांत फरक पडत नाही. जावयाला ट्रेडिंग करायचे असेल तर त्याने आपल्या नावाच्या खात्यात, आपल्या तारणावर करावे.

एवढे वाचूनही जायचे ठरले असेल, तर एम. पी. नगरात जाण्याआधी ब्रोकरला ई-मेल लिहा आणि उत्तर लेखी मागवा. माझा हा अमुक रोखा तुमच्या यादीत आहे का, त्यावर कपात किती, तो रोखीसमान धरता की नाही, खाते उणे झाले तर व्याज किती आणि कितव्या दिवशी पोझिशन बंद करता, तारण ठेवायला आणि सोडवायला प्रत्येक वेळी शुल्क किती, सोडवल्यावर रोखा विकण्याजोगा कधी होतो आणि मुदत संपण्याच्या किती दिवस आधी त्याचे मूल्य शून्य धरता. तोंडी ‘हो सर, सगळं होतं’ या उत्तरावर सही करू नका.